रद्द नकाशे

भूकंपात समुद्राचा तळ हलला,
म्हणून बंदर-कचेरीनं नकाशे रद्दीत काढले.
एर्मिंदानं ते किलोवर घेतले
आणि वालपाराइसोचा चढ धापा टाकत चढली.

पाठ कोरी. तेवढं पुरे.
कव्हराला सिमेंटची कागदी गोणी,
शिडाचा दोरा, मेणावरून ओढलेला.
दाभण अडलं की दाभणालाच शिव्या.

बेकरीवाल्या ओस्वाल्दोनं
उधारीसाठी वही नेली,
दुसऱ्या दिवशी हजर:
ग्लादिसच्या चार पावांखालून
हे सत्तावीस कुणाचे दिसतात?

"वाव आहेत ते," ती म्हणाली. "पाण्याची खोली.
तेव्हाची."

"आणि आता?"

तिनं दोरा दातानं तोडला.
"आता कुणी मोजलंय?
लिही तू. वाव आहे."