डोक्यांसकट

आई विचारते, "खंयच्या आखातात?"
कारण आमच्या घरात आखात एकच :
कुवेत, वडलांची सतरा वर्षं,
निळ्या-तांबड्या किनारीची पाकिटं,
आणि शुद्ध मराठीत, जी ते कधीच बोलत नाहीत,
दर पत्रात एक ठरलेली ओळ,
"येथे मासळी बरी मिळत नाही. डाळभातावर आहे."

हे दुसरं गं, मी सांगते, मेक्सिकोचं आखात.
गाव बिलॉक्सी. तीन दिवस आहे.
एका जुन्या पाइपलाइनचा गंज मोजायचाय.
"गंज मोजतत?"
मोजतात.

सकाळी सहाला धक्क्यावर
दोआनबाई बर्फात कोपरापर्यंत बुडालेल्या.
व्हिएतनामहून आल्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या,
आता बोट त्यांची, जाळी त्यांची, खोकला नवऱ्याचा.
त्यांनी विचारलं, कोळंबी डोक्यांसकट की डोक्यांविना?
डोक्यांसकट, मी म्हटलं,
तेव्हा कुठे त्यांनी मान वर करून मला पाहिलं.
काटा दोन पौंडांवर थांबला
आणि त्यांनी वर आणखी एक मूठ टाकली,
वेंगुर्ल्याच्या बाजारात टाकतात तशी,
आपण बघत नाही असं दोघींनी दाखवत.

मग बोय.
हो, बोयच, तीच चपट्या डोक्याची.
मी तिचा कल्ला उचलला, आत लालभडक.
पोट दाबून पाहिलं. घट्ट.
नोव्हेंबर.
बाई हसल्या, मीही.
गाबोळीला इंग्रजीत काय म्हणतात
त्यांना आठवेना, मला ठाऊक असून गरज पडेना.

पुढच्या टपरीत लॅडनर नावाचा म्हातारा कालवं फोडत होता.
कालवं आमच्याकडे ओहोटीला काढतात,
कंबर मोडून, कोयतीच्या टोकानं, बोटं कापून घेत,
मग वाटण, तिरफळं, कढ.
इथे एक शिंपला उघडून त्यानं माझ्यासमोर ठेवला
आणि लिंबाची फोड.
चावायचं का?
"एकदा," तो म्हणाला, "तेवढा मान द्यावा."
मी एकदा चावलं.
थंड, खारट, मागून किंचित गोड,
काहीही न केलेलं.
एवढी वर्षं आम्ही त्यावर इतकं काय काय करत आलो!
मग मी अकरा आणखी खाल्ली.

रात्री मोटेलच्या खोलीत
हळद, मीठ, आईनं दिलेलं तिखट,
रव्याच्या जागी मक्याचं पीठ.
गाबोळी तव्यावर तडतडली आणि छतावरचा भोंगा बोंबलला.
खुर्चीवर चढून टॉवेलानं त्याला वारा घातला,
खाली कॉटवर वर्तमानपत्रात कोळंब्या,
नुसत्या उकडलेल्या, मिशांसकट.

तेवढ्यात फोन.
"जेवलंस? मासे गावतत?"
आणि माझी जीभ आपोआप शुद्ध झाली,
"मिळतात. पण आपल्याकडची चव नाही."

पलीकडे जरा शांतता.
मग वडील, जे फोनवर कधी येत नाहीत,
"गाबोळी होती काय गे?"
मी गप्प.
"नोव्हेंबर मां," ते म्हणाले.
आणि कुकरची शिटी झाली त्या आडोशानं, हळू,
"शुक्रवारी आमी पाच जण. टॅक्सी.
झुबैदी, म्हणजे पापलेट गे, ह्येवडा. निखाऱ्यार.
तिका सांगू नको."

मागून आईचा आवाज,
"पत्राक तेलाचे डाग असायचे.
मी काय आंधळी आसंय?"

कुणीच काही बोललं नाही.
कुकर उतरला असावा.
मी फोन खांद्याशी दाबून धरला,
एक कोळंबी उचलली
आणि तिचं डोकं चोखलं.
आवाज झाला.
होऊ दिला.