अंगवळणी

रात्रपाळीला माझं काम एवढंच:
हवेचे बुडबुडे चालू आहेत ना, बघणं,
आणि मेलेला मासा दिसला
तर वहीत टाकीचा नंबर लिहून, चिमट्यानं उचलून
फ्रीजरमध्ये ठेवणं.
बाकीचा वेळ ट्राउट माझ्याकडे बघतात, मी ट्राउटकडे.

इथे कॉर्नवॉलमध्ये, आमच्या गावामागून जातो
त्या ओढ्याला सगळे तांबडाच म्हणतात.
खाण बंद होऊन तीस वर्षं झाली,
पंप थांबले, बोगदे गळ्यापर्यंत भरले,
डोंगर अजून तांबं ओकतोय.
त्यात बाहेरचा मासा सोडला
तर संध्याकाळ बघत नाही.
आमचे मात्र तिथेच अंडी घालतात,
चिलटं पकडतात, म्हातारे होतात.

ट्रेगिअरबाई आल्या तेव्हा हातात दोन बादल्या.
एकीत तांबड्यातल्या माद्यांची अंडी, ओल्या शेवाळात गुंडाळलेली,
दुसरीत वर माळावरच्या झऱ्याची.
दोन्ही वाढवायची एकाच स्वच्छ पाण्यात.
प्रश्न साधा आहे, म्हणाल्या,
हे अंगवळणी पडलंय, की अंगातच आहे?

मी म्हटलं, खाण तशी माती.
त्या हसल्या. म्हणीचा आलेख काढता येत नाही, हेड्रा.
शिवाय आईनं बलकात बांधून दिली असेल
थोडी शिदोरी,
ती संपेपर्यंत थांबायचं.
म्हणजे नातवंडांपर्यंत.
चार हिवाळे थांबलो.

माझे वडील, डिगरी, शेवटच्या पाळीतले.
त्यांना ट्रुरोला माझ्या घरी आणलं
तेव्हा नळाचं पाणी तोंडात घोळवून म्हणाले,
"याला चवच नाही गं. कोणी धुतलंय का हे पाणी?"
रोज अर्धा चहा मोरीत.
खोकला तेवढा सोबत आणलेला.
तो कोणी दिला ते सगळ्या गावाला ठाऊक,
भरपाईच्या कागदाला सोडून.

मार्चमधल्या एका मंगळवारी टाक्यांत तांबं सोडलं.
डोळ्यांना दिसेल इतकं नाही. पाणी होतं तसंच.
पहाटे तीनला माळावरच्या नातवंडांचे
कल्ले भराभर हलायला लागले,
मग एकेक जण
झोपेत कूस बदलावी तसा आडवा.
मी चिमटा घेऊन उभी. नंबर लिहीत गेले,
अक्षर बिघडत गेलं.
आणि तांबड्याच्या टाकीत, चाळीसांतले एकतीस
उजाडल्यावर खाणं मागत होते.
ज्यांनी तांबडा कधी बघितला नव्हता.
ज्यांच्या आईनंही बघितला नव्हता.

बाईंनी टाळी वाजवली नाही.
"यांची लांबीसुद्धा लिही," म्हणाल्या,
"स्वच्छ पाण्यातही बोटभर कमीच भरलेत."
यकृतात म्हणे एक प्रथिन असतं,
तांब्याचा हात धरून त्याला कोपऱ्यात बसवणारं.
रात्रंदिवस पहारा.
चोर आला नाही तरी पगार घेतंच.

"आणि ते नऊ?" मी विचारलं.
"आणि पहिल्यांदा खाणीचं पाणी सुटलं त्या वर्षी
ओढ्यात किती होते? किती उरले?"
ते कोणाच्याच वहीत नाही.
वारसा म्हणतो आपण,
मोजतो मात्र उरलेल्यांनाच.

परवा मुलगा आला होता टाक्या बघायला.
पेरन, सहा वर्षांचा. खाण त्यानं चित्रातही पाहिलेली नाही.
काचेला नाक लावून उभा, गालात काहीतरी.
हात पुढे केला तर थुंकला तळव्यावर:
आजोबांची जुनी पेनी,
गरम, चोखून चोखून चकचकीत.
कोणी शिकवलं रे हे?
त्यानं खांदे उडवले.
"चव आहे तिला."

पेनी पुसून खिशात टाकली.
वही उघडली, पेन काढलं.
कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना,
म्हणून बुडबुडे चालू आहेत ना
ते बघायला गेले.