फुगायला जागा

बाल्दोमेरोने मापाची पट्टी आणलीच नव्हती.
दारात उभा राहून त्याने विचारलं,
"काय टाकणार नाहीस, ते आधी सांग."
मी म्हटलं, शिवणयंत्र.
आणि खिडकी.
"खिडकी कुठे जातेय," तो म्हणाला.

कालपर्यंत इथे झाडू राहत होते,
रॉकेलची शेगडी, बटाट्यांचं पोतं,
बहिणीच्या लग्नातल्या सहा खुर्च्यांपैकी
पाय मोडलेल्या दोन.
होर्तेन्सियाने सगळ्यांना जिन्याखाली हलवलं
आणि वासाबद्दल माझी माफी मागितली.

अकरा वीत लांब, आठ वीत रुंद,
वीत बाल्दोमेरोची, म्हणजे माझी सव्वा.
चाळीस वर्षं त्याने व्हालपराईसोच्या धक्क्यावर
बोटींचं सुतारकाम केलेलं,
खलाशांना फडताळात ताटं लावावीत तसं निजवलेलं.
दार त्याने उलटं बसवलं. ते आता बाहेर उघडतं
आणि बोळातून जाणाऱ्याला लागतं;
जाणारा खोकून जातो.
पलंग छातीइतका उंच, पोटात चार खण,
सगळ्यात खालचा ओढला की पायरी.
भिंतीवरची फळी पाडली की शिवायचं टेबल,
मग मला दारापर्यंत जाता येत नाही.
"आणि कोणी हाक मारली तर?"
"शिवण संपवून ये."

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
मी भिंत पाहून गुडघे दुमडले.
पहिल्या आठवड्यात कोपरावर तीन निळे डाग,
मग अंगाला कळलं कुठे वळायचं.
चष्मा, पेला, खिडकीची कडी:
अंधारात हात आपला आपण जाऊन येतो.

आधीची खोली मोठी होती.
नऊ पावलं चाललं की कपाट यायचं.
पलंग असा, की मधे तिसरं माणूस मावलं असतं,
तो जागा आहे की झोपलाय
माझ्यापर्यंत पोचायचं नाही.
सतरा वर्षांनी दोन पिशव्या आणि यंत्र घेऊन निघाले,
उंबऱ्यातून मागे पाहिलं:
खोलीत काही कमी झालेलं दिसत नव्हतं.

इथे मी एक मोजा काढून ठेवला
तरी खोली बदलते.

एकच खटकायचं.
पलंग आणि भिंत यांच्यात सोडलेली बोटभर फट.
एवढ्या काटकसरीत बोटभर म्हणजे चैन!
सुया पडायच्या, बटणं, एकदा विजेचं बिल.
"बुजवून टाक ना ती."
बाल्दोमेरोने पाव चहात बुडवला, चावला, गिळला.
"जूनमध्ये बघू."

जूनमध्ये समुद्रावरून धुकं टेकडी चढलं,
रुळांवरच्या डब्याआधी आमच्या दारात.
बोटींच्या उरल्यासुरल्या हिरव्या रंगाने रंगवलेले
घराचे पन्हळी पत्रे घामेजले,
मिठाचा खडा झाला, कांबळं जड झालं,
आणि रात्री पलंग कुरकुरत रुंद होऊ लागला.
फटीत बोट घातलं, नखच गेलं.
जुलैत तेही नाही.
"नाहीतर भिंत उकलली असती,"
भिंतीपलीकडून बाल्दोमेरो म्हणाला,
मी काही विचारलं नसताना.

सप्टेंबरात निकानोर आला.
माझा मुलगा, सहा फूट, खांदे बापाचे.
वाकून आत पाहत म्हणाला,
"आई, हे कपाट आहे."
"हो," मी म्हटलं, "आत ये."
तो जमिनीवर निजला, पाय बोळात ठेवून.
दार रात्रभर उघडं.
पाणी प्यायला उठलेली होर्तेन्सिया
त्याच्या पायांवर कोट टाकून गेली.
पहाटे कधीतरी तो म्हणाला,
"बाबांचं काही विचारत नाहीस."
आवाज हाताच्या अंतरावर होता.
विचारीन, मी म्हटलं,
आणि हात खाली सोडला.
तो केसांपर्यंत पोचला.

लाकूड आता वाळतंय.
फट परत दिसायला लागली आहे,
आत, खोल, एक पांढरं बटण.
निकानोरच्या शर्टाला एक कमी आहे.
त्याला म्हटलं, आणखी चार दिवस थांब,
मग हात जाईल.