तेल वेगळं

कादंबरीत मी आजोबांना जिना चढायला लावला
आणि तिसऱ्या मजल्यावर, दारासमोर, त्यांचा हात थरथरवला.
एक अख्खा परिच्छेद थरथरवला.
संपादक फोनवर म्हणाले, इथं मला रडू आलं.

आल्विन ड्रेक्सलर यांचा हात कधीच थरथरला नाही.
कासेलमध्ये इतका स्थिर हात दुसऱ्या कुणाचा नव्हता,
आजी अभिमानानं सांगायची.
तिच्या सुईत दोरासुद्धा तेच ओवून द्यायचे.

वही माझ्याकडे आहे, कापडी बांधणीची.
डिसेंबर एकेचाळीस.
पोलिसांनी मोहोर लावलेली घरं, अकरा.
जुनं कुलूप काढणे, नवं बसवणे, किल्ल्या दोन,
तेल वेगळं.
बिल कर कार्यालयाच्या नावे.
फेनिग न फेनिग लिहिलेला.
फक्त फ्राऊ इर्मा काट्सेनश्टाइन यांच्या दारापुढे
तीस फेनिग वजा:
बिजागऱ्यांना आधीच तेल घातलेलं होतं.

त्या वजाबाकीपाशी मी एक हिवाळा बसून होते.
म्हणजे जाण्याआधी बाईंनी दाराला तेल घातलं होतं,
गावाला जाताना दूध बंद करावं,
कुंडी शेजाऱ्यांकडे ठेवावी, तसं.
आणि शेजारी खालच्याच मजल्यावर राहत होता.
त्यानं दार एकदा पुढं-मागं केलं,
करकरत नाही, पाहिलं,
आणि प्रामाणिकपणे वजा केले.

हा प्रामाणिकपणा मला लिहिता आला नाही.
म्हणून थरथर लिहिली.
म्हणून त्यांच्या खिशात चुकून राहिलेली एक किल्ली लिहिली,
जी त्यांनी पुढं चाळीस वर्षं कुणाला न दाखवता जपली.
तशी किल्ली नव्हती.
मुखपृष्ठाच्या फोटोसाठी
मी जुन्या बाजारातून एक आणली, गंजलेली, चार युरोला.
घासाघीस केली होती.

चौथ्या आवृत्तीनंतर, फुल्डाच्या वाचनालयात,
शेवटच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. कोट अंगातच.
पुस्तक आवडलं, म्हणाल्या, एवढंच विचारते:
अकरा घरांची कुलपं बदलली,
तर जुन्यांपैकी एखादी किल्ली
कुणाच्या तरी कोटात गेलीच असेल ना,
तिकडं?

मी म्हटलं, हो, बहुधा.

त्या बसल्या. कुणीतरी विचारलं,
मी रोज कधी लिहिते.
सकाळी, मी सांगितलं, आजोबांच्या टेबलावर,
हात स्थिर असतो तेव्हा.
लोक हसले. छान हसले.