साडेअकरा इंच

कपाट आणि भिंत यांच्यामध्ये
साडेअकरा इंच जागा आहे.
पूर्वी तिथं एक मोडका टेबलफॅन असायचा.
भंगारवाला म्हणाला पस्तीस रुपये,
मी हो म्हटलं,
आणि आता नवी पेठेत उभी आहे
पर्समध्ये शिवणाची टेप घेऊन.

दुकानदार म्हणतो, हे बघा ताई,
वर छत, खाली जाळीची पिशवी,
बाटली ठेवायला वेगळी जागा.
मी म्हणते, घडी घालून दाखवा.
तो दोन हात लावतो, मग गुडघा,
मग आतल्या पोराला हाक मारतो.
माझ्या डाव्या कडेवर सहस्रा, साडेसात किलो.
एका हातानं मिटत नसेल तर नको, मी सांगते.
तो माझ्याकडे असा बघतो
जणू मी भाव पाडायला निमित्त शोधतेय.

त्याला कुठून सांगू
अशोक चौकातला आमचा जिना,
बावीस पायऱ्या, मध्ये वळण,
वळणावर खालच्या बोल्लींची सायकल;
आणि चार दिवसांनी नळ येतो त्या रात्री
पिंप, घागरी, कळश्या घरभर उभ्या,
माणसं कडेकडेनं चालतात.
त्या रात्री जे मिटत नाही
ते घरात राहत नाही.
सासूबाईंनी एकदा खाटच गच्चीवर काढली होती,
मामंजींसकट.

दुसरी गाडी मिटते, पण उभी राहत नाही.
तिसरी उभी राहते. टेप लावते. बारा.
अर्ध्या इंचानं काय होतंय ओ ताई?
मी टॉवेलांना कडा मारते, म्हणते,
अर्ध्या इंचानं अख्खा लॉट परत येतो.

मामंजी बाहेर उन्हात थांबलेत.
एसी सोसत नाही म्हणतात;
खरं तर दुकानात चपला काढाव्या लागतात
आणि त्यांना टाचांच्या भेगा दाखवायच्या नसतात.
एकतीस वर्षं यंत्रमागावर जॉबर.
शेवटी न राहवून येतात आत,
चौथी गाडी सरळ उलटी करतात,
चाक बोटानं फिरवून कान जवळ नेतात.
बेअरिंग नाही. नुसता बुश आहे.
सहा महिन्यांत करकरायला लागतंय बघ.
पाचवीचं चाक फिरवतात.
ते फिरत राहतं.
आम्ही सगळे बघत राहतो, दुकानदारसुद्धा,
ते थांबेपर्यंत.

किंमत ऐकून मामंजी पुन्हा बाहेर जातात.

मी मनात डझन मोजते.
चारशे ऐंशी डझन कडा.
श्रीहरीला फोन लावते, तो कारखान्यात,
मागांच्या खडखडाटातून एवढंच येतं,
तुला उचलवंल तीच घे.
पुढंही काही बोलला. ते मागांनी खाल्लं.

बटण दाबते, पट्टा ओढते. खट्.
सहस्रा दचकते, मग हसते.
उघडते, पुन्हा मिटते. खट्.
तिच्यासाठी तिसऱ्यांदा,
चौथ्यांदा त्या आतल्या पोरासाठी,
तोही हसायचा थांबलेला नाही.
टेप लावते. अकरा.

घरी आल्यावर
गाडीत पहिल्यांदा बसलं ज्वारीचं पीठ.
गिरणीतून दहा किलो.
ओझं पेलतंय का बघितलं, सासूबाई म्हणाल्या.
सीटवर पांढरा डाग, तो अजून आहे.
सहस्राला बसवलं तर कमान करून रडली.
मीही थोडी रडले, जिन्यात,
चारशे ऐंशी डझन आठवून.

रात्री दोनला नळ आला.
एका हातानं गाडी मिटली, फटीत सारली.
अर्धा इंच उरला.
तो रिकामा ठेवायला म्हणून ठेवला होता;
सासूबाईंनी त्यात पिंपाचं झाकण सरकवलं.

सकाळी गाडीला मागाच्या तेलाचा वास.
कुणी घातलं, का घातलं, विचारलं नाही;
नव्या चाकाला तेल लागत नाही
हे ज्याला सगळ्यांत जास्त माहीत
तो खिडकीत पाठमोरा चहा पीत होता.
त्या वासात सहस्राला पुन्हा बसवलं.
आजोबांच्या बनियनला येतो तोच वास.
तिनं नाक उडवलं,
आणि रडली नाही.

म्हणजे, दुपारपर्यंत तरी.