घंटा आधी, की उत्तर

निमकर सर प्रश्न लिहीत जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर.
पुढून 'आमचे येथे श्रीकृपेकरून',
मागून 'खडकी हे शहर कोणी वसवले?'
मलिक अंबर अशी कित्येक वर्षं
कुण्या चि. सौ. कां. च्या मुहूर्ताला
पाठ टेकून उभा होता.

माझ्याकडे घड्याळ, आणि टेबलावरची घंटा.
नायगावातलं वाचनालय, वरचा मजला, वर्धापनदिन.
बावीस वर्षं मी लोकांना
दहा-दहा सेकंद देत आलो.

दहा सेकंदांत माणसाचं काय काय होतं!
बेस्टमधून निवृत्त झालेले पेडणेकर
डोळे मिटून हवेत एक तिकीट फाडत,
मग म्हणत, "पालवणकर बाळू."
बरोबर. इंग्लंडात एका दौऱ्यात शंभरावर बळी.
"आणि इथं चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात,"
हे पेडणेकरांनी न विचारता सांगितलं.
पत्रिकेवर नव्हतं ते.
गुण दहाच.

खाशाबांच्या प्रश्नाला तर हॉलभर हात.
मागून एक पोरगा ओरडला,
"सर, त्यांच्यासाठी घर गहाण टाकलं
त्या प्राचार्यांचं नाव विचारा की!"
सरांनी पत्रिका उलटून पाहिली, पुन्हा सुलटून.
तिथं एवढंच होतं:
कृपया आहेर आणू नये.

त्या वर्षी अंतिम फेरीत प्रणिता मेस्त्री होती.
बीडीडीतली. अकरावीत. पायात भावाच्या चपला.
दोन्ही संघ बरोबरीत, आणि सर वाचू लागले:
"एकोणीसशे चौऱ्याऐंशी. लॉस एंजेलिस.
चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत.
सेकंदाच्या शंभराव्या भागाने
कांस्यपदक कोणाचं हुकलं?"

तिला येत होतं.
नाव गळ्यापर्यंत येऊन थांबलेलं
मला माझ्या खुर्चीवरून दिसत होतं,
पण मी काट्याकडे बघायचं असतं.
आठ.
नऊ.
"उषा" आणि टण्ण.

एकदमच.
किंवा एकदम नाही.

सर माझ्याकडे वळले.
बावीस वर्षांत पहिल्यांदाच मला प्रश्न:
"घंटा आधी, की उत्तर?"
माझे सेकंद मोजायला कोणी नव्हतं.
पंखा तेवढा खटखटत होता.
पेडणेकरांनी डोळे मिटून घेतले.

मी म्हणालो, "घंटा."

सतरंज्या गुंडाळताना ती आली.
"काका, घड्याळ बघू?"
किल्लीचं, गिरणीच्या क्रीडा विभागाचं;
गिरणी बंद झाली तेव्हा शिल्पांनी
मला दहा रुपयांत देऊन टाकलेलं.
आधी तिनं कानाला लावलं.
मग चालू करून काटा पाहत राहिली, बराच वेळ.
"हा सेकंदात पाचच उड्या मारतो," म्हणाली.
"मधलं याला दिसतच नाही."
रागानं नव्हे. जीवशास्त्राच्या वहीत
निरीक्षण लिहावं, तसं.
घड्याळ परत दिलं, आणि चपला फटफटवत
उपविजेतेपदाचं पाकीट काखेत मारून
जिना उतरून गेली.

रात्री जेवण झाल्यावर मी ओट्यापाशी उभा राहिलो.
एका हातात चमचा, समोर पालथी वाटी.
उषा, टण्ण.
टण्ण, उषा.
'उ' ला ओठ पुढे येतात,
ते आले की उत्तर सुरू झालं म्हणायचं,
की 'षा' संपल्यावर?
हे नियमात कुठं लिहिलंय?
उषा. टण्ण. उषा.

आतून हिचा आवाज आला, झोपेतला,
पण पूर्ण जागा:
"कोण ही उषा?"

"चौथी आली होती," मी म्हणालो.

थोडा वेळ काहीच नाही.
मग कूस बदलल्याचा आवाज, आणि
"मग तिला तरी झोपू द्या."