सवाल

मार्केट यार्डात एकवीस वर्षं सवाल काढला मी.
माझ्या आवाजावर बेळगुंदीची रताळी
पार दिल्लीला गेली,
मी मात्र मिरजेच्या पलीकडं कधी गेलो नाही.

दिवाळीआधी, गिळताना, उजव्या बाजूला
काटा अडकल्यासारखं झालं.
मासा खाल्ला नव्हता.
आठ दिवसांत त्या काट्यानं कानापर्यंत वाट काढली
आणि तिथंच बिऱ्हाड केलं.

टिळकवाडीचे डॉक्टर म्हणाले, पित्त वर येतंय.
चिंच बंद, चहा बंद, उशाला दोन उश्या.
कॉलेज रोडवाले म्हणाले, पित्त? कोण म्हणालं?
नाकाचं हाड वाकडं आहे, सरळ करून टाकू.
दातांच्या बाई म्हणाल्या, अक्कलदाढ.
काढली.
दाढ गेली, दुखणं राहिलं.
अक्कल, मंगल म्हणते, आधीपासूनच नव्हती.

हुबळीत विचारलं, "नोवु एल्लि?"
मी घशावर बोट ठेवलं. इल्लि.
मग बोट आपोआप कानामागं सरकलं. इल्लि.
पोरगेला डॉक्टर. फोटो उजेडात धरून
कानाखाली उतरणारं सुईएवढं हाड दाखवलं.
हे लांब वाढलंय, हेच टोचतंय, कापावं लागेल.

मिरजेत तोच फोटो, तसलाच उजेड.
म्हातारे डॉक्टर हसले.
असलं हाड कितीजणांना असतं,
आणि ते मजेत जेवतात.
ही नस आहे. गोळ्या घ्या. कापू नका.

घरी आलो तर मेव्हणा म्हणाला,
मनाचं असेल की भावोजी.
त्याची फी नव्हती, म्हणून जास्त लागलं.

तसं मला हे नवं नाही.
एका ढिगाभोवती पाच व्यापारी मी रोज बघायचो.
एक रताळं मोडून वास घेतो,
एक ढिगाच्या बुडात हात घालतो,
एक नुसताच पोत्याला पाय लावतो,
आणि पाचांचे दर पाच.
कुणी खोटं बोलत नसतो.
पण तिथं शेवटी मी होतो,
एकवार, दोनवार, तीनवार,
आणि ढीग कुणाचा तरी व्हायचा.
इथं रात्री अडीचला कान धरून उठतो
तेव्हा ढीगही मीच.
तीनवार म्हणायचं धाडस होत नाही.

वडिलांच्या काळात रुमालाखाली सौदा व्हायचा,
बोटांनी बोटं दाबून.
वाटायचं, या साऱ्यांचे हात
एकदा एका रुमालाखाली घालावेत.

तृप्तीनं सगळे रिपोर्ट तारखेनं लावले
आणि मला एक वही दिली. लिहा म्हणाली.
मग लिहीत गेलो, पट्टी लिहावी तसं:
जांभई, दुखलं.
स्कूटरवर वारं लागलं, दुखलं.
भाकरी, नाही.
आंघोळीनंतर कान कोरडा केला, टोचलं, चार मिनिटं.
कल्लाप्पाशी भांडलो, बघायचं राहिलं.

वही घेऊन पुन्हा मिरजेला गेलो.
म्हाताऱ्यांनी चष्मा बदलून सगळी वाचली,
कल्लाप्पासकट.
बराच वेळ बोलले नाहीत. बाहेर नंबर पुकारला जात होता.
मग म्हणाले, माझं चुकतही असेल.
तीन महिने गोळी घेऊन बघू,
हुबळीच्या त्या पोराचा नंबर द्या,
मीच बोलतो त्याच्याशी.
पाच महिन्यांत पहिल्यांदा
कुणीतरी रुमाल काढला.

आता सवाल भरमाचा पोरगा काढतो.
आवाज चांगला आहे, पण घाई करतो,
दोनवार झालं की लगेच तीनवार.
मी काट्याजवळ बसतो,
बोटानं खूण करतो, थांब,
अजून एक बोलणारा आहे.

दुखतं अजून. वहीत रोज एक ओळ असते.
परवा पहाटे, गाड्या यायच्या आधी,
थंडीत मोठी जांभई आली.
इतके महिने दाबत होतो.
ती मी पुरती येऊ दिली,
आणि तोंड उघडं ठेवून
कान काय म्हणतो
वाट बघत बसलो.